धावत्या फिल्मवरचे छापकाम

छपरावरच्या सौर पॅनेलजवळ जाऊन पाहिले तर निळ्या-काळ्या सिलिकॉनवर बारीक चंदेरी रेषा दिसतात. त्या चांदीच्या पेस्टने छापलेल्या असतात. जाळी ताणलेली चौकट, तिच्यावर घट्ट पेस्ट आणि ती दाबत नेणारी रबरी पट्टी. लग्नपत्रिका आणि टी-शर्टवरची नावे ज्या स्क्रीन प्रिंटिंगने निघतात तेच हे तंत्र. मधुमेही माणूस रक्ताचा थेंब ज्या पट्टीवर घेतो, तिच्यातले कार्बनचे इलेक्ट्रोडही बहुधा असेच छापलेले असतात. मोटारीच्या मागच्या काचेवरचे दव घालवणाऱ्या रेषा आणि यंत्रांवरची सपाट बटणे हाही त्याच घराण्यातला माल. तेव्हा छापील इलेक्ट्रॉनिक्स उद्या येणार आहे असे कोणी उत्साहाने सांगू लागले, तर ते केव्हाच आले आहे आणि आपण त्याचे पैसेही मोजले आहेत, हे त्याच्या कानावर घालायला हवे.

उद्याची म्हणून जी गोष्ट आहे ती वेगळी. आज आपण मुख्यतः वाहक रेषा छापतो. ट्रान्झिस्टर, सेन्सर, सौर घट यांचे खरे काम करणारे थर छापणे, तेही लवचीक प्लॅस्टिकवर, आणि ते प्लॅस्टिक एका गुंडाळीतून उलगडत, छपाई आणि सुकवणीतून जात, न थांबता दुसऱ्या गुंडाळीत शिरत असताना, हा या पुस्तकाचा विषय आहे. एका टोकाला कोरी फिल्म, दुसऱ्या टोकाला उपकरणांचा रोल. ऐकायला सोपे वाटते, आणि म्हणूनच गेल्या पंचवीस वर्षांत यात पुष्कळ पैसा बुडाला.

या प्रस्तावनेत मी वारंवार थुवालकडे वळणार आहे. सौदी अरेबियात जेद्दाच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, तांबड्या समुद्राच्या काठी वसलेले हे मासेमारांचे गाव. त्याच्या शेजारी २३ सप्टेंबर २००९ रोजी, सौदी राष्ट्रीय दिनाचा मुहूर्त साधून, किंग अब्दुल्ला युनिव्हर्सिटी ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे कौस्ट, सुरू झाले. ते उभारण्याचे काम अराम्को या तेल कंपनीने केले. तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या विद्यापीठात सौर विजेचे मोठे संशोधन केंद्र असावे यात कोणाला विसंगती दिसेल. मला तो धोरणी व्यापाऱ्याचा हिशेब वाटतो. मात्र थुवाल निवडण्याचे माझे कारण ते नाही. छापील इलेक्ट्रॉनिक्सच्या दोन अर्ध्या भागांपैकी एक, शाईचा, तिथे फार देखण्या रीतीने पुढे गेला आहे, आणि त्यामुळेच दुसरा अर्धा, रोलचा, किती वेगळा आहे हे तिथल्या कामाकडे पाहताना नीट कळते.

शाईच्या बाजूने पाहू. आतिफ शमीम यांच्या गटाने तिथे अँटेना आणि रेडिओ-लहरींची सर्किट इंकजेटने व स्क्रीनने छापण्याचे बरेच काम केले आहे. त्यातले मला आवडलेले म्हणजे वॅनेडियम डायऑक्साइडची शाई. हा पदार्थ सुमारे ६८ अंश सेल्सिअसला आपला स्वभाव बदलतो: खाली विजेला अडवतो, वर धातूसारखा वाहू देतो. त्याचे सूक्ष्म कण शाईत मिसळून छापले की तापवून चालू-बंद करता येणारा स्विच मिळतो आणि अँटेनाची वारंवारता बदलता येते. याच गटाने २०१७मध्ये खालेद सलामा यांच्यासह, छपाईतून घडवलेले छोटे बिनतारी सेन्सर मांडले. तापमान, आर्द्रता आणि हायड्रोजन सल्फाइड वायू ओळखणारे, रानात किंवा कारखान्याच्या आवारात पेरून द्यावेत आणि विसरून जावे अशा कल्पनेचे. विसरून जाण्याच्या त्या कल्पनेकडे पुढे परत यायचे आहे.

मुहम्मद मुस्तफा हुसेन यांनी तर २०१६मध्ये घरातल्या वस्तूंवरच हात मारला. चिकट चिठ्ठ्यांचे कागद, स्पंज, पेपर नॅपकिन, ॲल्युमिनियमची फॉइल. यांतून दाब, तापमान, आर्द्रता जाणणारी 'कागदी त्वचा' तयार केली. थॉमस अँथोपोलस यांच्या गटाची युक्ती त्याहून अचाट आहे. दोन धातूंचे इलेक्ट्रोड अगदी शेजारी-शेजारी, मध्ये जेमतेम दहा-पंधरा नॅनोमीटरची फट ठेवून बसवायचे, तर एरवी कोट्यवधींची यंत्रे लागतात. इथे पहिल्या धातूवर रेणूंचा एक निसरडा थर चढवतात, वरून दुसरा धातू सगळीकडे टाकतात आणि मग चिकटपट्टीसारखा थर लावून ओढून काढतात. निसरड्या जागेवरचा धातू निघून येतो, बाकीचा राहतो, आणि कडेला फट उरते. तिच्यात द्रावणातून झिंक ऑक्साइड भरून केलेले डायोड १०० गिगाहर्ट्झपर्यंत चालतात, हे २०२०मध्ये प्रसिद्ध झाले. ही वारंवारता फाइव्ह-जी आणि त्यापुढच्या संदेशवहनाची आहे. ओढून काढणे ही क्रिया रोलवर नेण्यासारखी आहे, म्हणून तिचे महत्त्व अधिक.

आणि २०२०मधलाच तो साबणाच्या फुग्यावरचा सौर घट. डेरिया बारान यांच्या गटात एलोइज बिहार आणि डॅनियल कोर्झो यांनी सर्वच्या सर्व थर इंकजेटने छापलेला घट केला. आधाराला पॅरिलीन नावाच्या प्लॅस्टिकचा मायक्रोमीटरभर जाडीचा पापुद्रा. घट इतका हलका की फुग्यावर ठेवला तरी फुगा टिकला. छायाचित्र जगभर गाजले. विजेत रूपांतर होणारा वाटा मात्र चार टक्क्यांच्या आसपासचा. छपरावरचे सिलिकॉन वीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे. त्या छायाचित्रावर हसणारे आणि भारावणारे, दोघेही मला थोडे चुकलेले वाटतात. अशा घटाची स्पर्धा सिलिकॉनशी नाहीच. सिलिकॉन जिथे वजनामुळे, ठिसूळपणामुळे किंवा किमतीमुळे पोचू शकत नाही, अशा जागा त्याच्या. तळेगाव दाभाड्याच्या फुलशेतीतल्या पॉलिहाउसवर सिलिकॉनचे पॅनेल ठेवले तर सांगाडा वाकेल आणि गुलाबावर सावली पडेल. पानांना लागणारा प्रकाश आत सोडून उरलेल्यातून वीज काढणारी अर्धपारदर्शक फिल्म त्याच छतावर ताणता येईल, आणि सेंद्रिय रेणूंची निवड करून कोणता रंग शोषायचा हे ठरवता येते.

इथपर्यंतची सगळी कामे वेफरवरची किंवा छोट्या तुकड्यांवरची आहेत. प्रयोगशाळेचे ते स्वाभाविक माप आहे. इंकजेटला साचा लागत नाही, संगणकावर नक्षी बदलली की झाले, आणि शाई थेंबांच्या हिशेबाने लागते. नव्या पदार्थाची पारख करायला याहून चांगले साधन नाही. कारखान्याचे गणित मात्र इथून सुरू होते.

समजा ३० सेंटिमीटर रुंदीची फिल्म मिनिटाला १० मीटर वेगाने धावते आहे. मिनिटाला तीन चौरस मीटर झाले. तिच्यावर १० मायक्रोमीटर जाडीचा ओला थर द्यायचा तर मिनिटाला ३० मिलिलिटर शाई लागते. शाईत दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम सेंद्रिय पदार्थ असेल तर सुकल्यावर साधारण २०० नॅनोमीटरचा थर उरतो, सौर घटाला हवा तसा. म्हणजे मिनिटाला ६०० मिलिग्रॅम पदार्थ खर्च झाला. आता हा पदार्थ जर एखाद्या विद्यार्थ्याने महिनोन्महिने खपून काचेच्या चंबूत बनवलेला असेल, तर त्याची सारी पुंजी यंत्र नीट लागायच्या आतच संपते. विक्रमी आकडे देणारे अनेक रेणू रोलपर्यंत पोचतच नाहीत, त्याचे एक साधे कारण हे आहे. दुसरे कारण द्रावकाचे. प्रयोगशाळेत क्लोरोफॉर्म, क्लोरोबेंझिन बंद पेटीत वापरता येते. तासाला दोन लिटर शाई वाळवणाऱ्या कारखान्यात ती वाफ जायची कुठे, आणि कामगाराने श्वास कशाचा घ्यायचा?

मग सुकवणी. चांदीची शाई छापली की तिचे कण एकमेकांना जोडले जाण्यासाठी साधारण १२० ते १५० अंशांची उष्णता काही मिनिटे द्यावी लागते. दहा मिनिटे म्हटली तर मघाच्या वेगाला १०० मीटर लांबीची भट्टी हवी. आणि आधाराची फिल्म बहुतेकदा पॉलिएस्टर, म्हणजे पाण्याच्या बाटलीचेच प्लॅस्टिक. ते सत्तर-ऐंशी अंशांनंतर मऊ पडू लागते. यावरचा एक तोडगा झेनॉन दिव्याच्या झोताचा: मिलिसेकंदाहूनही कमी वेळाची तीव्र चमक, जी वरचा थर तापवते आणि खालच्या प्लॅस्टिकला पत्ता लागू देत नाही. अँथोपोलस यांच्या गटाने अशा झोताने ऑक्साइडचे ट्रान्झिस्टर तयार केले आहेत. थुवालमधले जे काम मला रोलच्या दृष्टीने सर्वांत पुढचे वाटते ते हेच, फुग्यापेक्षाही. लांबलचक भट्टीऐवजी एक दिवा बसणार असेल तर कारखान्याची जागा, वीज आणि फिल्मचे हाल, तिन्ही एकदम घटतात.

वृत्तपत्राच्या छापखान्यात उभे राहिलेल्याला पुढची अडचण सांगावी लागत नाही. चार रंगांचे चार ठसे एकावर एक नेमके बसले नाहीत की नटीच्या ओठाला निळी कड येते. वाचक ते चालवून घेतो. इथे पहिल्या थरानंतर फिल्म भट्टीतून जाते आणि ०.१ टक्का जरी आकसली, तर ३० सेंटिमीटरच्या नक्षीत ०.३ मिलिमीटरचा फरक पडतो. ट्रान्झिस्टरच्या दोन टोकांमधले अंतर काही दशांश मिलिमीटरचेही नसते, काही मायक्रोमीटर ते काही दहा मायक्रोमीटर असते. दुसरा थर पहिल्यावर बसणारच नाही. म्हणून फिल्म छपाईआधी एकदा गरम करून आकसवून घेतात, खुणा पाहणारे कॅमेरे लावतात, ताण सेकंदासेकंदाला सांभाळतात. तरीही एका थराचे काम १०० पैकी ९५ वेळा बरोबर आले आणि थर सहा असले, तर शेवटी साधारण ७३ किंवा ७४ नगच चांगले निघतात. शिवाय दोनशे नॅनोमीटरच्या थरात धुळीचा एक कण बसला की वरचा इलेक्ट्रोड खालच्याला टेकतो आणि तो घट मेला. सुट्या काचेवर असे झाले तर ती काच बाजूला ठेवता येते. रोल थांबत नाही. चूक कळेपर्यंत शंभर मीटर माल गुंडाळला गेलेला असतो.

हे ज्ञान विद्यापीठांत फारसे नव्हते. ते होते छायाचित्रणाच्या फिल्मच्या कारखान्यांत. अंधारात, धूळमुक्त खोलीत, मीटरभर रुंदीच्या धावत्या फिल्मवर रसायनांचे एकसारखे थर चढवणे हा त्यांचा रोजचा धंदा. अरुंद फटीतून मोजून द्रव सोडणारी जी स्लॉट-डाय पद्धत आज छापील सौर घटांसाठी सर्वांत भरवशाची मानली जाते, तिचे पेटंट कोडॅकमधल्या अल्बर्ट बेगँ यांच्या नावे १९५४चे. आणि फुग्यावरच्या त्या घटाचे इलेक्ट्रोड ज्या पेडॉट-पीएसएस नावाच्या पारदर्शक वाहक प्लॅस्टिकचे होते, त्याची पहिली मोठी नोकरीही तिथलीच. वेगाने उलगडणाऱ्या फिल्मवर स्थिर वीज साठते, ठिणगी पडते आणि फिल्मवर डाग उमटतो. बायरच्या प्रयोगशाळेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस निघालेला हा पदार्थ आग्फाने ती वीज वाहून नेण्यासाठी फिल्मवर चढवला. रोलच्या त्रासातून निघालेला पदार्थ तीस वर्षांनी तांबड्या समुद्राकाठी इंकजेटच्या तोंडातून थेंबाथेंबाने बाहेर पडला.

अमेरिकेतल्या कोनार्का कंपनीची कथाही याच वळणाने जाते. २००१मध्ये ती निघाली; वाहक प्लॅस्टिकसाठी २०००चे नोबेल मिळालेले ॲलन हीगर तिच्या संस्थापकांत होते, आणि तिचे नाव ओडिशातल्या कोणार्कच्या सूर्यमंदिरावरून पडले, कारण तिच्या मुळाशी मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेल इथले ओडिया शास्त्रज्ञ सुकांत त्रिपाठी यांचे काम होते. त्रिपाठी २०००च्या डिसेंबरात हवाईच्या समुद्रात बुडून गेले. कंपनी त्यांनी पाहिली नाही. २००८मध्ये कोनार्काने न्यू बेडफर्डमधला पोलरॉइडचा जुना कारखाना घेतला. यंत्रे तयार होती, हात तयार होते. तरीही २०१२मध्ये दिवाळे निघाले. त्या काळात चिनी सिलिकॉन पॅनेलचे भाव कोसळत होते आणि प्लॅस्टिकचे घट काही वर्षांतच थकत होते. ज्या बाजारात सिलिकॉन आहे त्याच बाजारात उतरण्याचा हट्ट तिला नडला, असे माझे मत. डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक क्रेब्स यांच्या गटाने निराळी वाट धरली: शंभर मीटर लांबीच्या छापील पट्ट्या, हजारो घट एकापुढे एक जोडलेले, लाकडी चौकटींवर मिनिटाला शंभर मीटरच्या वेगाने अंथरलेल्या. धंदा तिथेही मोठा झाला नाही, पण रोलवर काय बिघडते याची उघड नोंद जगाला मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने २०२४मध्ये सर्व थर रोलवर, साध्या हवेत छापलेले, पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाचे घट दाखवले. लहान घटाला १५.५ टक्के, मोड्यूलला ११. माप वाढवताना एवढी घट येते, आणि तीही उत्तम हातांत.

आपल्याकडे या साखळीचे दुवे सुटे सुटे पडलेले दिसतात. तासगावचे आबासाहेब गरवारे यांनी उभारलेल्या उद्योगातून वाळूज आणि चिकलठाण्याला पॉलिएस्टरची फिल्म निघते, तिच्यावर रंगांचे आणि उन्हाला अडवणारे थर चढतात. पुण्यात पाषाणला सी-मेट या सरकारी प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनिक्सच्या पेस्ट बनवण्याचे काम अनेक वर्षे चालू आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात तर पातळ थरांचे भौतिकशास्त्र ही एक परंपराच झाली; महागडी निर्वात यंत्रे नसताना, बीकरमधल्या द्रावणात काच बुडवून खोलीच्या तापमानाला थर वाढवण्याचे काम चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाच्या नकाशावर नेले, आणि तिथले विद्यार्थी कोरियापर्यंत पसरले. कानपूरच्या आयआयटीत लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र आहे. आणि पॅकेजिंगच्या कारखान्यांतला ग्रॅव्ह्युअरचा ऑपरेटर, ज्याला सिलिंडरवरची जादा शाई पुसणारी डॉक्टर ब्लेड किती कोनात लावायची हे कानाने कळते, तो तर कोणाच्याच यादीत नाही. आपल्याजवळ एक गोष्ट होती आणि ती आपण जाऊ दिली: उटीचा हिंदुस्थान फोटो फिल्म्स. १९६०मध्ये स्थापन झालेला, 'इंदू' नावाने फिल्म काढणारा सरकारी कारखाना. त्याचा बाजार गेला हे खरे. पण थर चढवण्याचे तिथले कसब दुसऱ्या कशाला लावावे, हे कोणाच्या डोक्यात आले असते तर बरे झाले असते.

पुन्हा थुवाल, या वेळी हवेसाठी. तिथे उन्हाळ्यात चाळिशीचा पारा आणि समुद्राची दमट, खारट हवा एकत्र येतात, वर धूळ. प्रयोगशाळेत उपकरणाला छळण्यासाठी जी पेटी लागते ती तिथे दाराबाहेरच आहे. स्टीफन डी वुल्फ यांच्या गटाने पेरोव्हस्काइट आणि सिलिकॉनचा जोडघट तिथे वर्षभर उघड्यावर ठेवला, तेव्हा त्याची सुरुवातीच्या क्षमतेच्या सुमारे ८० टक्के क्षमता उरली. तो काचेच्या आड होता. लवचीक फिल्मला काच नाही. साध्या पॉलिएस्टरच्या चौरस मीटरमधून दिवसाला काही ग्रॅम पाण्याची वाफ आरपार जाते. सेंद्रिय सौर घटाला ग्रॅमच्या हजाराव्या भागाच्याही आत राहायला हवे, आणि ओएलईडी पडद्याला दहा लाखाव्या. हे अडवणाऱ्या फिल्म मिळतात, पण कित्येकदा त्यांची किंमत आतल्या घटापेक्षा जास्त पडते. रत्नागिरीत किंवा मालवणात हा माल विकू पाहणाऱ्याने कार्यक्षमतेचा आकडा विचारण्याआधी थुवालच्या गच्चीवर तो किती महिने टिकला हे विचारावे.

आता त्या विसरून जायच्या सेन्सरांबद्दल. स्वस्त झाले की वस्तू टाकून दिली जाते, हे प्लॅस्टिक पिशवीच्या देशात वेगळे सांगायला नको. चांदी, कार्बन, पॉलिएस्टर आणि बारीकशी बॅटरी एकत्र चिकटलेली वस्तू भंगारवालाही घेत नाही, कारण त्यातून काही सुटे निघत नाही. क्रेब्स यांच्या गटाने रोलवर केलेल्या घटांतली चांदी नायट्रिक आम्लाने काढून सुमारे ९५ टक्के परत मिळवली आहे. पण त्या पट्ट्या एकाच जागी, एकाच मालकाच्या ताब्यात होत्या. रानात पेरलेले सेन्सर गोळा करायला माणूस पाठवायचा तर त्याची मजुरी सेन्सरच्या किमतीहून जास्त होईल. म्हणून माझा ओढा कागदाच्या आधारावर, कमीत कमी धातू वापरून केलेल्या छपाईकडे आहे, आणि पुढे त्याला जरा जास्त जागा दिली आहे.

पुस्तकाची मांडणीही या सगळ्यामुळे उलटी झाली. अशा पुस्तकांत आधी रेणू येतात, मग शाई, मग उपकरण, आणि यंत्रे शेवटी परिशिष्टात. इथे सुरुवात कोऱ्या फिल्मपासून आहे: तिचा ताण, तिचे आकसणे, तिच्यावरची धूळ आणि स्थिर वीज. त्यानंतर ग्रॅव्ह्युअर, फ्लेक्सो, रोटरी स्क्रीन आणि स्लॉट-डाय, मग सुकवणी, आणि शाई त्यानंतर. रसायनशास्त्राच्या वाचकाने थेट शाईच्या प्रकरणावर उडी मारली तरी अडणार नाही. छापखान्यात किंवा पॅकेजिंगच्या कारखान्यात काम केलेल्याने मात्र पहिली चार प्रकरणे पेन्सिल हातात घेऊन वाचावीत. त्यातले काही त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल, आणि पुढच्या आवृत्तीसाठी मला तेच हवे आहे.